ट्रेनरची लघवी तपासण्याआधी

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझी जिम आहे. नऊ वर्षं झाली. सव्वादोनशे मेंबर आणि चार ट्रेनर. त्यातला एक पाच वर्षांपासून माझ्याकडे आहे, वय २६. नवीन मुलं त्याच्या नावावरच ॲडमिशन घेतात. दोन वर्षांत त्याचं शरीर ज्या पद्धतीने फुललं ते नुसत्या अंडी-चिकनवर होत नाही हे मलाही कळतं, पण मी कधी विचारलं नाही. त्याला बारा हजार पगार देतो, पर्सनल ट्रेनिंगचं कमिशन वेगळं. गेल्या आठवड्यात एका मेंबरची आई आली. तिच्या १९ वर्षांच्या मुलाच्या कॉलेजच्या बॅगेत इंजेक्शनची बाटली आणि सुया सापडल्या. मुलगा तोंड उघडत नाही. त्या माउलीने मला एवढंच विचारलं, ‘तुमचे सर स्वतः घेतात का?’ मला उत्तर देता आलं नाही. बाटलीवर ‘मेफेन्टरमाइन’ असं नाव होतं, बहुतेक स्टेरॉइडचाच प्रकार असावा. आता मी ठरवलंय, चौघांचीही टेस्ट करायची. ओळखीचा लॅबवाला दीड हजारात डोप टेस्ट करून देतो म्हणालाय. जो पॉझिटिव्ह येईल त्याला घरी पाठवायचं. बायको म्हणते, असं केलंत तर चौघंही सोडून जातील. जिमने ट्रेनरची स्टेरॉइडची टेस्ट घ्यावी की नाही, तुम्हीच सांगा.

– एक जिममालक


नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी त्या मुलाचं बघू या. तिथे वेळ थोडा आहे.

मेफेन्टरमाइन हे स्टेरॉइड नाही. सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिली की कधी कधी बाईचं बीपी एकदम खाली जातं. ते वर आणायला भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन वापरतात. मोजून देतात, मॉनिटरवर डोळा ठेवून देतात, आणि काही उलटं झालं तर हाताशी सगळं तयार असतं. तेच औषध मुलं जिमच्या बाथरूममध्ये एकमेकांच्या शिरेत टोचतात. ठोके वाढतात, बीपी चढतं, थकवा कळेनासा होतो, अंगात बारा हत्तींचं बळ आल्यासारखं वाटतं. मग झोप जाते, भूक जाते, चिडचिड सुरू होते. काहींना सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत असे संशय येऊ लागतात. आणि याची सवय लागते. गेल्या काही वर्षांत या इंजेक्शनच्या चोरट्या विक्रीचे किती तरी गुन्हे महाराष्ट्रात पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने नोंदवले आहेत. म्हणजे तुमच्या गावात ते पोचलं यात नवल नाही.

तेव्हा आज संध्याकाळीच त्या आईला फोन करा. मुलाला रागावू नका, बॅगा उचकू नका, त्याला आधी डॉक्टरकडे न्या म्हणावं. बीपी आणि ईसीजी लगेच बघायला हवा. सुया एकमेकांत वापरल्या असतील, म्हणून हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची तपासणीही करायला हवी. त्यातली एचआयव्ही आणि सी ची काही महिन्यांनी पुन्हा करावी लागेल. छातीत दुखणं, धाप, भास, विचित्र संशय यातलं काही असेल तर सकाळची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. तुम्ही चौघांची स्टेरॉइडची टेस्ट करायला निघालात, आणि ज्या बाटलीमुळे निघालात ती त्या टेस्टमध्ये दिसलीच नसती.

लॅबवाल्याच्या दीड हजाराच्या टेस्टबद्दलही सांगते. गावोगावच्या लॅबमध्ये ‘डोप टेस्ट’ म्हणून जी पट्टी वापरतात ती गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, ॲम्फेटामाइन, झोपेच्या गोळ्या अशा नशेच्या पदार्थांसाठी असते. ट्रक ड्रायव्हर, नोकरीला लागणारी माणसं यांच्यासाठी ती बनवली आहे. डेका, टेस्टो, डायनाबोल, विन्स्ट्रॉल या स्टेरॉइडांपैकी, म्हणजे अंग फुगवणाऱ्या हार्मोनांपैकी, काहीही तिला दिसत नाही. चौघंही निगेटिव्ह येतील, तुम्ही तो कागद काउंटरच्या मागे फ्रेम करून लावाल, आणि त्या आईला म्हणाल, बघा, आमचे सर स्वच्छ आहेत. माझ्या मते टेस्ट न करण्यापेक्षा हे वाईट.

खरी टेस्ट असते, नाही असं नाही. लघवीचा नमुना घ्यायचा, तोही कोणाच्या तरी नजरेसमोर, कारण दुसऱ्याची लघवी आणून देण्याचे प्रकार होतात. त्याच्या दोन बाटल्या करायच्या, दोन्हीला सील. एकीत काही सापडलं आणि त्या माणसाने मागणी केली तर दुसरी उघडायची. तपासणी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर. नंद्रोलोन, म्हणजे तुमच्या मुलांचं डेका, तेलातलं असल्यामुळे एका इंजेक्शननंतरही कित्येक महिने सापडत राहतं. टेस्टोस्टेरॉनचं तर आणखी अवघड, कारण ते शरीर स्वतःच बनवतं. लघवीत टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन (शरीरातच बनणारं त्याचं भावंड) यांचं गुणोत्तर बघतात. ते ४ च्या वर गेलं की संशय, मग कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या कार्बन अणूंची, वेगळी चाचणी करून ते बाहेरून आलंय का ते ठरवतात. काही माणसांची जन्मजात घडणच अशी असते की टोचून घेतलं तरी त्यांचं गुणोत्तर ४ च्या वर जात नाही.

याचा तुमच्या जिममध्ये अर्थ काय होतो बघा. ज्याने सहा महिन्यांपूर्वी डेकाचा कोर्स केला, घाबरून सोडला आणि आता सरळ वागतोय, तो सापडू शकतो. जो तीन-चार दिवसांत शरीरातून निघून जाणारा प्रकार आज घेतोय, तो तारीख आधी कळली तर सुटतो. आणि तुमच्या जिममध्ये तारीख आधी कळणारच, चार माणसांत काय लपतं.

ही तपासणी किती नाजूक असते याचं एक उदाहरण देते. दिल्लीची राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळा ही देशाची अधिकृत प्रयोगशाळा. आंतरराष्ट्रीय निकषांत कमी पडली म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने तिची मान्यता स्थगित केली. ती परत मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. सरकारची ताकद पाठीशी असलेल्या जागेची ही कथा. तुम्ही आणि तुमचा लॅबवाला मिळून कोणाची रोजीरोटी अशा कागदावर ठरवणार असाल तर मला त्याची भीती वाटते.

पॉझिटिव्ह आलं तरी प्रश्न संपत नाही. नरसिंग यादवचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल, तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडलं, तेच डायनाबोल. माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवलं, असं तो म्हणाला. आपल्या नाडाने, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेने, ते मान्य करून त्याला मोकळं केलं. पुढे आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते अमान्य केलं आणि त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. कोण खरं कोण खोटं यात मी पडत नाही. वकील, तज्ज्ञ, दोन-दोन संस्था बसूनही एका नमुन्यावर दोन उलटे निकाल लागले, एवढंच सांगायचंय. सप्लिमेंटच्या डब्यांचाही भरवसा नाही. २००० आणि २००१ साली जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून विकत घेतलेली ६३४ सप्लिमेंट्स तपासली. हार्मोन असल्याचं त्यांच्या लेबलवर कुठेही नव्हतं, तरी ९४ डब्यांत ते निघालं. उद्या तुमच्या ट्रेनरने, ‘सर, तुमच्याच काउंटरवरचा प्रोटीन घेतो मी,’ असं म्हटलं तर तुम्ही काय करणार?

जगात असं कुठेच होत नाही असं मात्र नाही, आणि जिथे होतं त्या देशाबद्दल मला आदर आहे. डेन्मार्कमध्ये तिथल्या डोपिंगविरोधी संस्थेची माणसं साध्या जिममध्ये येऊन नमुने घेतात, स्पर्धेत कधीही न उतरणाऱ्या मेंबरांचेसुद्धा. जिम या व्यवस्थेत आहे की नाही हे २००८ पासून दारावर चिन्ह लावून सांगावं लागतं, असेल तर हसरा चेहरा, नसेल तर पडलेला. सापडलेल्या माणसाला ठरावीक काळ त्या जिममध्ये पाऊल टाकता येत नाही. या नोंदींतून पुढे एक मोठी गोष्ट कळली. २००६ ते २०१८ या काळात तिथे स्टेरॉइडसाठी कारवाई झालेल्या १,१८९ पुरुषांचं पुढे काय झालं हे संशोधकांनी सरासरी ११ वर्षं पाहिलं. त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जवळजवळ तिप्पट निघालं. जिममधले दिसायला सगळ्यांत तगडे पुरुष. २०२४ मध्ये तो अभ्यास वाचला त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, कारण त्या वयाची, तशा अंगाची मुलं माझ्यासमोर रोज बसतात.

पण तिथे हे सगळं कायद्याने आणि बाहेरच्या संस्थेमार्फत चालतं. जिममालक कोणाची बाटली धरत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायदा २०२२ चा आहे, तो खेळाडूंसाठी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांसाठी. तुमची मुलं पॉवरलिफ्टिंग किंवा वेटलिफ्टिंगच्या अधिकृत स्पर्धांना जात असतील तर ती, आणि त्यांना तयार करणारा ट्रेनर, त्या कक्षेत येऊ शकतात. तसं असेल तर ते त्याला समजावून सांगणं तुमचं काम आहे. सकाळी वजन उतरवायला येणाऱ्या बँकेतल्या माणसाच्या ट्रेनरला तो कायदा लागत नाही. त्याची लघवी मागायचा अधिकार तुम्हाला आपोआप मिळत नाही, आणि नोकरी जाईल या धाकाने दिलेल्या संमतीला मी तरी संमती म्हणणार नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही, टेस्ट घेऊ नका. बायकोचं ऐका, जरी तिचं कारण वेगळं असलं तरी.

आता जे लिहिणार आहे ते थोडं कडू लागेल. या पाच वर्षांत तुम्ही किती फ्लेक्स लावले? गणपतीचा, दिवाळी ऑफरचा, १ जानेवारीचा. प्रत्येकावर कोणाचा फोटो होता? मला उत्तर माहीत नाही, पण अंदाज आहे. मुलं त्याच्या नावावर ॲडमिशन घेतात असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही पगार बारा हजार ठेवलात आणि बाकीची कमाई कमिशनवर सोडलीत. कमिशन क्लायंटवर, क्लायंट येणार दंडाचा घेर बघून. ज्या मुलाचं पोट त्याच्या दंडावर अवलंबून आहे तो दंड वाढवायचा मार्ग शोधणारच. तो मार्ग बरोबर होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण ज्याचं अंग दाखवून पाच वर्षं धंदा चालला, त्याच्यापुढे आता प्लास्टिकची बाटली धरायची, हे मला पटत नाही. तुम्ही विचारलं नाहीत असं प्रामाणिकपणे कबूल केलंत, म्हणून हे एवढं स्पष्ट लिहिलं.

त्या आईचा प्रश्न पुन्हा वाचा. ‘तुमचे सर स्वतः घेतात का?’ ती असं विचारते कारण तिला माहीत आहे की तिचा मुलगा सरांचंच ऐकतो. माझे आजोबा तालमीत घुमलेले. ते सांगायचे, वस्तादाने दिलेला पेला कोणी वास घेऊन प्यायचं नाही, डोळे मिटून प्यायचं. पण तो खुराक तयार व्हायचा सगळ्यांच्या देखत. बदाम कोणी निवडले, दूध कोणाच्या गोठ्यातलं, थंडाई कोणी घोटली, सगळं अख्ख्या तालमीला ठाऊक असायचं. विश्वास आंधळा होता, पण पेला उघडा होता. तुमच्या जिममधल्या १९ वर्षांच्या पोराचा विश्वास तेवढाच आंधळा आहे, फक्त आता काय घोटलं जातंय ते कोणालाच दिसत नाही.

ट्रेनर स्वतः काय टोचतो यापेक्षा तो मुलांना काय सांगतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘सर, असं शरीर कसं झालं?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देतो? ‘सहा अंडी, पनीर, आठ तास झोप, मेहनत.’ मुलगा घरी जातो, आईच्या मागे लागून अंडी वाढवतो, सहा महिने मरमर मेहनत करतो आणि आरशात बघतो. थोडं झालेलं असतं, जेवढं त्या वयात निसर्गाने व्हायला हवं तेवढं. पण सरांसारखं नाही. त्याला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. मग कोणीतरी कानात सांगतं, खरं काय ते. बाटली हातात येण्याआधीची ही पायरी आहे, आणि ती खोट्या उत्तराची आहे. ट्रेनर कोर्स करत असेल आणि विचारणाऱ्या मुलाला, ‘माझ्या नादी लागू नको, मी जे केलं ते करू नको,’ असं म्हणत असेल, तर तो अंडी-पनीर सांगणाऱ्यापेक्षा त्या मुलाचं कमी नुकसान करतो. लघवीच्या कुठल्याही टेस्टमध्ये हा फरक येत नाही.

तेव्हा त्याच्याशी बोला. एका रात्री जिम बंद झाल्यावर, शटर अर्धं ओढून, दोघंच. बाकी तिघांना बोलावू नका, मोबाइल लांब ठेवा. सुरुवात स्वतःपासून करा. काहीसं असं: ‘पाच वर्षं तुझ्या अंगावर मी धंदा केला आणि तू काय घेतोस ते एकदाही विचारलं नाही. ती माझी चूक. आज विचारतोय ते तुला काढायला नाही. मला एकच खरं सांग, तू मुलांना काही देतोस का? कोणाला टोचून देतोस का? कुठे मिळतं ते सांगतोस का?’ बघा, यात ‘तू घेतोस का’ हे नाही. ते त्याने आपणहून सांगितलं तर ऐका.

तो देत असेल, किंवा विकत असेल, तर त्याच दिवशी त्याला थांबवा. इथे दुसरी संधी मला मान्य नाही, तो कितीही चांगला ट्रेनर असला तरी, चौघंही जातील हे बायकोचं भाकीत खरं ठरलं तरी. ही सगळी औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायची आहेत. परवान्याशिवाय औषध विकणाऱ्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली तीन ते पाच वर्षांची कैद होऊ शकते. डॉक्टर नसताना दुसऱ्याला इंजेक्शन टोचणं हा वेगळा गुन्हा. पोलीस किंवा अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय, दोन्हीकडे तक्रार करता येते, आणि ती तुम्हीच केलेली बरी. तुम्ही गप्प राहिलात आणि उद्या एखादं पोर ट्रेडमिलवर कोसळलं, तर तुम्हाला माहीत होतं की नाही हा प्रश्न विचारला जाईल, आणि हे पत्र लिहिल्यावर त्याचं खरं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

तो नाही म्हणाला तर? मान्य करा, पण डोळे उघडे ठेवा. बाथरूममधली कचऱ्याची बादली रोज रात्री स्वतः बघा, आठवडाभर. तिच्यात काय असतं ते तुम्हाला कुठल्याही लॅबपेक्षा जास्त सांगेल. बंद होण्याच्या वेळेला कोण कोण रेंगाळतं, कोणाला ‘सरांचा माल’ हा शब्द माहीत आहे, सकाळच्या बॅचनंतर झाडणाऱ्या मावशींना काय काय सापडतं. मावशींना विचाराच. त्यांना सगळं माहीत असतं आणि त्यांना कोणी विचारत नाही.

आणि तो म्हणाला, ‘देत नाही सर, पण मी स्वतः घेतो,’ तर? मग त्याला काढू नका. त्याने खरं सांगितलं आणि त्याबद्दल त्याची नोकरी गेली, तर उरलेल्या तिघांना कळेल की या जिममध्ये खरं बोलायचं नसतं.

त्याला डॉक्टरकडे पाठवा, आणि खर्च तुम्ही करा. काय बघायचं ते सांगते. बीपी, हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण), कारण यात रक्त घट्ट होतं. लिपिड, कारण चांगलं कोलेस्टेरॉल पार तळाला जातं. लिव्हर, विशेषतः गोळ्या घेत असेल तर. एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे शरीर स्वतःचं हार्मोन बनवतंय का ते कळतं. आणि टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नक्की. अमेरिकेत २०१७ मध्ये वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांची हृदयं तपासली, ८६ स्टेरॉइड घेणारे, ५४ न घेणारे. हृदय एका ठोक्याला आपल्यातलं किती रक्त बाहेर ढकलतं त्याची सरासरी न घेणाऱ्यांत ६३ टक्के, घेणाऱ्यांत ५२. बाहेरून दोन्ही गट तेवढेच धष्टपुष्ट. यातलं काही नुकसान औषध बंद केल्यावर भरून येतं, म्हणूनच लवकर बघायचं. रिपोर्ट त्याच्या हातात पडू दे, तुमच्या नाही. मी त्याची डॉक्टर असते आणि तुम्ही फोन करून विचारलं असतं, तर मी तुम्हाला काहीही सांगितलं नसतं.

एक इशारा. ‘उद्यापासून बंद कर’ असा दम त्याला देऊ नका. बाहेरून हार्मोन येत असलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम सोडलं की कित्येक महिने दोन्हीकडून कोरडं. अंग उतरतं, इच्छा मरते, मन काळवंडतं. लग्नाला वर्ष झालेला असा एक मुलगा माझ्याकडे आला होता, मूल राहत नाही म्हणून. वीर्यात एकही शुक्राणू नव्हता. त्याने बायकोला काही सांगितलेलं नव्हतं आणि तिच्या तपासण्यांवर सासरच्यांनी चाळीस हजार घालवले होते. त्याचं पुढे सावरलं, पण दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात तो दोनदा म्हणाला की जगावंसं वाटत नाही. म्हणून सोडायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि तुमच्या ट्रेनरला तसं काही वाटू लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. तो काउंटरवर चिकटवून ठेवलात तर मुलांच्याही उपयोगी पडेल.

तो कोर्स सोडेल तेव्हा त्याचं अंग उतरेल, आणि अंग उतरलं की क्लायंट कमी होतील. तिथे तुमची खरी परीक्षा आहे. पगार वाढवा आणि कमिशनवरचा भार कमी करा. ट्रेनरला पैसे कशाचे मिळतात हे बदलल्याशिवाय बाकीचं काही टिकणार नाही. पुढच्या फ्लेक्सवर त्या पन्नाशीच्या मेंबरबाईंचा फोटो लावा ज्या गुडघ्यांमुळे जिना चढू शकत नव्हत्या आणि आता चढतात. तुमच्याकडे अशा असणारच, प्रत्येक जिममध्ये असतात. त्यांची परवानगी घेऊन, आणि शेजारी ट्रेनरचं नाव मोठ्या अक्षरात.

चौघांकडूनही एक साधं पान लिहून घ्या, मराठीतच. जिममध्ये कोणतंही इंजेक्शन, सुई, हार्मोनची गोळी आणणार नाही. कोणत्याही मेंबरला औषध देणार नाही, सुचवणार नाही, कुठे मिळतं ते सांगणार नाही. माझ्या शरीराबद्दल मेंबरला खोटं सांगणार नाही. काउंटरवर जे सप्लिमेंट विकलं जाईल त्याचं बिल आणि बॅच नंबर जिमकडे असेल. या शेवटच्या ओळीखाली तुमचीही सही हवी. आणि तुमच्या फ्लेक्सवर कुठे ‘नॅचरल’ हा शब्द असेल तर तो आजच काढा, कारण तो सिद्ध करायची सोय तुमच्याकडे नाही.

आईंना फोन कराल तेव्हा त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही द्या. ‘घेत असेल असं मला वाटतं. मी पाच वर्षं विचारलं नाही, आता विचारतोय. तुमच्या मुलाला त्याने दिलं असेल तर तो उद्या इथे नसेल.’ एवढं पुरे. बाटली त्यांनी फेकून दिली नसेल तर तशीच ठेवायला सांगा, लेबलवरचा बॅच नंबर तपासाच्या कामी येईल. मुलाला त्यांनी एकटं पाठवू नये, सोबत यावं, पण तपासणीच्या खोलीत त्याला एकट्याला डॉक्टरशी बोलू द्यावं. आईसमोर तो गप्प बसेल. बाहेर बाकावर आई आहे हे माहीत असलं की पाच मिनिटांत सांगतो, माझा तरी आजवरचा अनुभव असा आहे.